हवा टाइट, तरी पंक्चर
‘हवा टाइट भर, पंक्चर होत नाही,’ हे कोल्हापुरात लहानपणापासून ऐकत आलोय. ग्रॅव्हल बाइकला, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या सायकलला, ते अर्धंच लागू पडतं. हवा फार कमी असेल तर दगडावर आपटून ट्यूब रिमशी चिमटते. शेजारीशेजारी दोन भोकं दिसली की ओळखायचं. पण बाभळीच्या काट्याला कडक टायर उलट सोपा, तो दबतच नाही. मसाई पठाराच्या जांभ्या खडकावर तर नुसता उडतो. टायरवर छापलेला हवेच्या दाबाचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, रोज भरायचं माप नव्हे. काट्यांवर खरा उपाय ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव: हवेबरोबर ते भोकात शिरतं आणि तिथंच घट्ट होतं. मात्र उन्हाळ्यात ते दर 2 महिन्यांनी तपासाच. वाळलं की आत रबराचे पापुद्रे तेवढे उरतात.