परीक्षेतला रायटर: हा नियम आला कुठून

आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या शेजारच्या दादाला जन्मापासून दिसत नाही, आणि तो कॉलेजात असताना काकू दुपारी बसून सगळे धडे कॅसेटवर वाचून ठेवायच्या, मधे कुकरची शिट्टी झाली तर तीपण रेकॉर्ड व्हायची. अभ्यास असा व्हायचा, पण परीक्षेला लिहिणार कोण? रायटर, म्हणजे दादा सांगेल ते उत्तर लिहिणारा, आपणच शोधून आणा, तोही कमी शिकलेला, असं कॉलेजचं म्हणणं. मग अकरावीतला मुलगा मिळाला, त्याला मानसशास्त्राचे शब्दच लिहिता येईनात, दादा एकेक अक्षर सांगत बसला आणि शेवटचा प्रश्न राहून गेला.

खरं तर १९९५ च्या अपंग कायद्याच्या कलम ३१ मधे स्पष्ट होतं की अंध आणि कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांना लेखनिक संस्थेनेच द्यायचा. सयाजीराव महाराजांनी १९०६ मधे अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते हे बडोदं, इथे तरी एका पोराला पेपर लिहायला दारोदार फिरायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

केंद्राने फेब्रुवारी २०१३ मधे नियम काढले, तेव्हा रायटरच्या शिक्षणाची आणि मार्कांची अट काढून टाकली, शिवाय तासाला किमान २० मिनिटं जास्तीची, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. मग २०१६ चा नवा कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, सरकारी आणि अनुदानित कॉलेजातल्या राखीव जागा ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाल्या. पण ऑगस्ट २०१८ च्या नियमांत ती अट परत आलीच, स्वतःचा रायटर आणला तर तो एक पायरी कमी शिकलेला हवा असं त्यात होतं. कॉपीची भीती समजते हो, पण त्यापायी प्रामाणिक पोरांचे मार्क जातात त्याचं काय?

आणि ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नसेल तर रायटर नाहीच, असं चालायचं. यूपीएससी देणाऱ्या विकाश कुमारना लिहिताना हाताला क्रॅम्प यायचे, ते सुप्रीम कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मधे कोर्टाने सांगितलं की रायटरसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यावर ऑगस्ट २०२२ मधे केंद्राने ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळे नियम काढले, फक्त लिहायला त्रास होतो असं सरकारी डॉक्टरांकडून लिहून आणायचं होतं.

दादा आता नोकरीला आहे. परीक्षा जवळ आल्या की आजही त्याला फोन येतात, रायटर मिळेल का म्हणून.