तुरटी, कथील आणि न फाटणारी पेस्ट

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की हंड्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवायचा आणि झाकून ठेवायचं. सकाळी वर निवळ पाणी आणि तळाला चिखलाचा थर. हिरड्या सुजल्या की त्याच खड्याचा तुकडा कोमट पाण्यात विरघळवून गुळण्या करायच्या. तोंड आवळून येतं. दोन्हीकडे राबतो तो ॲल्युमिनियमच. टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्ये धातूंचे क्षार घालू पाहणाऱ्यांची पंचाईत या एका खड्यात अख्खी सापडते: हिरडीला जे हवं, तेच मिश्रणाला तळाशी बसवतं.

गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना ढकलतात, म्हणून तरंगतात. ॲल्युमिनियमचा तिहेरी धन भार आला की ही ढकलाढकल थांबते, कण चिकटतात आणि त्याच्याच हायड्रॉक्साइडचे पुंजके त्यांना गोळा करून खाली नेतात. हान्स शुल्झ यांनी 1882 मध्ये दाखवलं की कण बसवण्याची क्षाराची ताकद आयनावरच्या भाराबरोबर झपाट्याने वाढते. 1900 मध्ये विल्यम हार्डी यांनी त्यात भर घातली: कणाच्या विरुद्ध भार असलेला आयनच इथे महत्त्वाचा. पुढे 1940च्या दशकातल्या सिद्धांताने हिशेब मांडला, सोडियमची ताकद 1 धरली तर दुहेरी भाराच्या कॅल्शियमची 64 आणि तिहेरी भाराच्या ॲल्युमिनियमची 729. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात थोडं इकडे-तिकडे होतं.

इमल्शनचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांचं, दुखणं तेच. थेंबांभोवती साबणाचं कवच असेल तर त्यावरही ऋण भार असतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला चिकट पांढरा साका धरतो, तो कॅल्शियमने मारलेला साबण. जस्त किंवा कथील घातलं तरी तीच गत. कोलगेटची पेस्ट 1873 मध्ये बरणीत आणि 1896 मध्ये ट्यूबमध्ये आली. त्या काळच्या पेस्टमध्ये फेसासाठी साबण असे आणि तो 1940च्या दशकापर्यंत टिकला. अशा पेस्टमध्ये खडू चालून जाई, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. विरघळणाऱ्या धातूला तिथे जागा नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण बागेतलं आहे. बोर्डो मिश्रण काय असतं हे नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला किंवा कोकणातल्या सुपारीवाल्याला सांगायला नको: मोरचूद आणि चुना. इंग्लंडमध्ये स्पेन्सर पिकरिंग फळझाडांच्या फवारणीवर काम करत होते. त्यांनी 1907 मध्ये दाखवलं की मोरचूद-चुन्यातून पडणारा तांब्याचा बारीक साका तेलाच्या थेंबांवर चिकटतो आणि साबण नसतानाही इमल्शन उभं राहतं. त्याआधी, 1903 मध्ये, वॉल्टर रॅम्सडेन यांनीही घन कणांची ही करामत टिपली होती, पण नाव पिकरिंगचं लागलं. तर विरघळलेला धातू इमल्शन फोडतो आणि न विरघळलेला धरून ठेवतो. पण जिवाणूवर धावून जातो तो विरघळलेलाच. गुंता आहे तो इथे.

या गुंत्याची सर्वांत लांबलेली कथा कथलाची. कल्हईमुळे कथील आपल्या ओळखीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जोसेफ म्यूलर, हॅरी डे आणि विल्यम नेबरगॉल यांनी निरनिराळे फ्लोराइड पारखले आणि स्टॅनस फ्लोराइड, म्हणजे कथलाचा फ्लोराइड, निवडला. पहिली अडचण घासणाऱ्या पुडीची. खडू फ्लोराइड गिळून टाकी. नेबरगॉल यांनी कॅल्शियम फॉस्फेट तापवून पायरोफॉस्फेट केलं, तेव्हा तो सुटा राहू लागला. 1956 मध्ये यावर आधारलेली क्रेस्ट ही पेस्ट अमेरिकाभर विकायला आली आणि ऑगस्ट 1960 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने दातांची कीड रोखणारी पेस्ट म्हणून तिला मान्यता दिली.

फ्लोराइड सुटला, पण कथील काही सरळ वागेना. ते दुहेरी भाराचं असतं तेव्हाच कामाचं. हवा लागली की चौहेरी होतं आणि पाण्यात हायड्रॉक्साइड होऊन बसतं. ट्यूब दुकानाच्या फळीवर पडून राहिली की आतलं औषध आपोआप उतरणीला लागायचं. म्हणून त्यात कथलाचाच आणखी एक क्षार राखीव साठा म्हणून घातला होता. शिवाय तोंडात धातूची चव यायची आणि काहींच्या दातांवर तपकिरी डाग पडायचे. अखेर 1981 मध्ये क्रेस्टने कथील सोडलं आणि सोडियम फ्लोराइड आणि सिलिका घेतली. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय, पण कथील जिवाणूंना आवरतं आणि हिरड्यांतलं रक्त येणं कमी करतं, तो गुणही त्याच्याबरोबर गेला.

ते परतलं 1990च्या दशकात, ग्लुकोनेटचा हात धरून. धातूला असं धरणाऱ्या रेणूंना कीलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. नांगी फार घट्ट असेल तर कथील ट्यूबमध्ये सुरक्षित राहतं आणि दातांना न शिवता बेसिनमध्ये जातं. सैल असेल तर आधीच बसतं. ग्लुकोनेटची पकड मधली. दुसरा मार्ग पाणीच कमी ठेवण्याचा: 2000च्या दशकातल्या पेस्टमध्ये पाणी कमी, सोबत डाग रोखणारं हेक्सामेटाफॉस्फेट.

माउथवॉशमध्ये मात्र पाणी टाळता येत नाही. 1879च्या लिस्टरीनने इमल्शनची झंझटच ठेवली नाही. त्यातली सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळलेली होती आणि द्रावणात जवळपास पाव हिस्सा अल्कोहोलच. अल्कोहोल काढायचं म्हटलं की तेलाचे थेंब सांभाळायला कोणी तरी लागतं. त्यासाठी भार नसलेले पायसकारक, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ, कामी आले; विल्यम ग्रिफिन यांनी 1949 मध्ये ते निवडण्याचं मोजमाप, एचएलबी (पदार्थाची ओढ पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती), दिलं. एरंडेलापासून केलेले असे पायसकारक आज अनेक माउथवॉशच्या लेबलवर दिसतात. थेंबांभोवती त्यांच्या लांब साखळ्यांचं कुंपण असतं. भारच नाही, तर धातू धरणार कशाला? जोसेफ टोन्झेटिच यांनी तोंडाच्या दुर्गंधीचं मूळ गंधकाच्या वायूंत दाखवल्यावर ते वायू बांधणारं जस्त माउथवॉशसाठी हवंसं झालं, आणि ते या कुंपणाशेजारी नांदू शकलं.

दाट करणाऱ्या पदार्थांनाही हीच कसोटी लागते. कोरोनाच्या वर्षातलं, कार्बोमर हा दाटपणा आणणारा पदार्थ घातलेलं सॅनिटायझर जेल घरात उरलं असेल तर त्यावर चिमूटभर मीठ टाकून पाहा. क्षणात ते पाण्यासारखं वाहू लागतं. एकेरी भाराच्या सोडियमने ही दशा, मग जस्ताचं काय सांगावं. म्हणून अशा ठिकाणी भाराला कमी घाबरणारा झँथन डिंक घेतात.

एका माणसाने मात्र इमल्शन टिकवण्याची खटपटच सोडली. इस्रायलचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मेल रोझेनबर्ग यांनी दोन थरांचं माउथवॉश काढलं. धातू नाही, वर तेल, खाली पाणी. बाटली हलवली की थोडा वेळ थेंब तयार होतात, सोबतच्या सेटिलपायरिडिनियम क्लोराइड या जंतुनाशकाच्या मदतीने जिवाणूंना चिकटतात आणि थुंकल्यावर बेसिनमध्ये त्यांचे रंगीत पुंजके दिसतात.