रॅव्ह४ घ्यावी की सीआर-व्ही? हायब्रिड घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खरेदीआधी गाडी तपासून घ्यायला येणारे बरेच ग्राहक दोनच नावे मनात धरून येतात: टोयोटा रॅव्ह४ हायब्रिड आणि होंडा सीआर-व्ही हायब्रिड. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी. पहिला प्रश्नही ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज कोण जास्त देते?’ आमचे उत्तर असे की या दोघींच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. मागच्या सीटवर रोज कोण बसणार, मागच्या चाकांना जोर हवा आहे का, आणि तुमचे किलोमीटर शहरात पडतात की हायवेवर, या तीन गोष्टींवर निवड बहुतेक वेळा आपोआप होते. आम्ही गाड्या विकत नाही, फक्त तपासतो. त्यामुळे तुम्ही कोणती घेतली याने आमचे काही बिघडत नाही.

खाली लिहिलेले सगळे रॅव्ह४च्या पाचव्या पिढीबद्दल, म्हणजे २०१९ ते २०२५च्या मॉडेलबद्दल आहे आणि सीआर-व्हीच्या २०२३पासूनच्या सहाव्या पिढीबद्दल आहे. टोयोटाने मे २०२५मध्ये रॅव्ह४ची सहावी पिढी जाहीर केली. ती फक्त हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड अशीच येते, नुसत्या पेट्रोलवरची नाही. तिचे आकडे वेगळे आहेत, म्हणून ते इथे मिसळलेले नाहीत. प्लग-इन गाड्याही बाजूला ठेवल्या आहेत. घरी चार्जिंगची सोय असेल तर तो हिशेबच निराळा होतो.

बॉनेटखाली काय चालते

दोन्ही गाड्यांत नेहमीचा गिअरबॉक्स नाही, वेगळा सेल्फ नाही आणि अल्टरनेटरही नाही. ती कामे मोटर-जनरेटरच उरकतात. कागदावर दोघींच्या पुढे ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेले असते, पण पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीशी, म्हणजे ठरावीक टप्पे नसलेल्या गिअरबॉक्सशी, तिचा काही संबंध नाही. पट्टा घसरेल, झिजेल ही धास्ती घेऊन आला असाल तर ती सोडून द्या. त्यात पट्टाच नाही.

रॅव्ह४मध्ये २.५ लिटरचे इंजिन आणि प्लॅनेटरी गिअरचा, म्हणजे मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारा, संच आहे. या संचाला तीन टोके: एकाला इंजिन, दुसऱ्याला छोटी मोटर-जनरेटर, तिसऱ्याला चाके आणि त्यांच्या जोडीला मोठी मोटर. इंजिनाची ताकद एकाच वेळी दोन वाटांनी जाते. काही भाग सरळ चाकांकडे जातो, उरलेल्याची वीज होऊन ती मोटरमार्फत चाकांना मिळते. कोणत्या वाटेने किती जायचे हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. मधे क्लच नाही. १९९७च्या पहिल्या प्रियसपासून टोयोटा याच तत्त्वावर गाड्या करत आली आहे, त्यामुळे यात नवखेपणाचे दोष फारसे उरलेले नाहीत.

सीआर-व्हीची मांडणी वेगळी आहे. इंजिन २ लिटरचे, पण शहरात ते चाकांना हातही लावत नाही. ते फक्त जनरेटर फिरवते आणि गाडी पळवते ३३५ न्यूटन-मीटर टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मोटर. हायवेवर वेग एकसारखा झाला की एक क्लच जुळतो आणि इंजिन थेट चाकांना जोडले जाते, कारण त्या वेगाला आधी वीज करून मग ती मोटरला देण्यात इंधन वाया जाते. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की क्लच सुटतो आणि गाडी पुन्हा मोटरवर येते. हा बदल चालवणाऱ्याला सहसा जाणवतही नाही.

व्यवहारात फरक इतकाच: सिग्नलवरून सुटताना सीआर-व्ही जास्त इलेक्ट्रिक गाडीसारखी वाटते. रॅव्ह४ कागदावर ताकदीला थोडी सरस आहे. अमेरिकी मॉडेलात २१९ हॉर्सपॉवर विरुद्ध २०४. पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना तिचे इंजिन एकदम वरच्या आवाजात जाते आणि वेग त्याच्या मागून येतो. ही घरघर काहींच्या डोक्यात जाते. होंडाने हाच आवाज गिअर बदलल्यासारखा टप्प्याटप्प्याने चढता-उतरता ठेवला आहे. गिअर नाहीतच, म्हणजे हे सोंग आहे, पण कानाला बरे वाटते हे कबूल करायला हवे.

ॲव्हरेज: एकदाच बघा आणि पुढे चला

दोन्ही गाड्या एकाच पद्धतीने मोजलेल्या असतील तरच आकडे शेजारी ठेवावेत. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या चाचणीतले आकडे किलोमीटर प्रतिलिटरमध्ये बदलले तर असे दिसतात. चारही चाकांना जोर देणारी रॅव्ह४ हायब्रिड शहरात १७.४, हायवेवर १६.२, एकत्रित १७. फक्त पुढच्या चाकांवर चालणारी सीआर-व्ही हायब्रिड शहरात १८.३, हायवेवर १५.३, एकत्रित तीच १७. मात्र सीआर-व्ही चारचाकी ड्राइव्हची घेतली की एकत्रित आकडा १५.७वर उतरतो.

खरा फरक पडतो तो इथे. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर चारचाकी ड्राइव्हच्या दोन गाड्यांत साधारण ७३ लिटरचे अंतर पडते, तेही रॅव्ह४च्या बाजूने. सीआर-व्ही पुढच्या चाकांची घेतली तर एकत्रित आकड्यात अंतर काहीच नाही, आणि शहरात तर ती थोडी पुढेच आहे.

एक इशारा दोघींसाठी. तुमचा रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर यातले कोणतेच आकडे दिसणार नाहीत. थंड इंजिन आधी स्वतःला गरम करून घेते, थंडीच्या दिवसांत केबिन उबदार ठेवण्यासाठीही चालू राहते, आणि ते बंद पडण्याच्या बेतात येईपर्यंत तुमचे ठिकाण आलेले असते. अशा वापरासाठी हायब्रिडवर जास्तीचे पैसे घालावेत का, हा विचार गाडी बुक करण्याआधीच करा.

मागची चाके कोण फिरवते

जाहिरातीत दोन्हीकडे ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ असेच लिहितात, म्हणून हा मुद्दा निसटतो. रॅव्ह४मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा शाफ्टच नाही. मागच्या ॲक्सलवर स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे आणि गरज पडेल तेव्हाच ती जोर लावते. सीआर-व्हीमध्ये जुन्या पद्धतीचा प्रोपेलर शाफ्ट पुढून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या संचापर्यंत जातो.

ओल्या रस्त्यावर, हलक्या बर्फावर किंवा कच्च्या वाटेवर दोन्ही आपले काम करतात. खोल चिखलात किंवा वाळूत मात्र दोघींनाही घालू नका. ही त्या कामाची वाहने नव्हेत.

सेकंडहँड घेणाऱ्याने मात्र या फरकाकडे नीट लक्ष द्यायला हवे. गाडी रॅम्पवर घेतली की रॅव्ह४च्या खाली एक जाड नारिंगी केबल मागच्या मोटरकडे गेलेली दिसते. ती उच्च दाबाची वीज वाहून नेते. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे चाललेल्या काही गाड्यांत या केबलच्या मागच्या कनेक्टरमध्ये खारे पाणी शिरून आतली धातूची जाळी गंजते. दुरुस्ती म्हणजे बहुधा पूर्ण केबलच बदलावी लागते. ही तक्रार इतकी पसरली की टोयोटाने काही देशांत या भागाची वॉरंटी वाढवून दिली. म्हणून आम्ही तपासताना त्या कनेक्टरभोवती पांढरी किंवा हिरवट भुकटी आहे का ते हमखास पाहतो आणि केबल आधी कधी बदलली होती का, हे सर्व्हिसच्या नोंदींत शोधतो. तुम्ही स्वतः खाली वाकून बघायला हरकत नाही, पण नारिंगी रंगाच्या कुठल्याही केबलला किंवा कनेक्टरला हात लावू नका.

चारचाकी ड्राइव्हच्या सीआर-व्हीत अशी केबल मागे जात नाही. तिथे मागच्या डिफरन्शियलचे तेल ठरल्या वेळी बदलले का, एवढे बघायचे. पुष्कळांना असे काही तेल असते हेच माहीत नसते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना मागून कण्हल्यासारखा आवाज आला तर पहिला संशय त्याच तेलावर घ्या. शिवाय ऑक्टोबर २०२४मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या स्टिअरिंग गिअरबॉक्समधल्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. सीआर-व्ही त्यात होती. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग मधेच अडखळल्यासारखे वाटणे हे त्याचे लक्षण. चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की त्या गाडीचे काम झाले की बाकी आहे ते कळते. ते काम विनामूल्य होते, म्हणून आधीच्या मालकाने टाळले असेल तरी घाबरण्याचे कारण नाही.

मागे बसून बघा

शोरूममध्ये प्रत्येक जण आधी स्टिअरिंगमागे बसतो. आमचा आग्रह आहे की आधी मागे बसा, आणि समोरची सीट घरातल्या सगळ्यात उंच माणसाला हवी तितकी मागे सरकवून बसा. सीआर-व्हीत मागे पाय ठेवायला सुमारे १०४ सेंटिमीटर जागा मिळते, रॅव्ह४मध्ये सुमारे ९६. आठ सेंटिमीटर म्हणजे फार वाटत नाही, पण पाठमोरी बसवायची बाळाची सीट लावून बघा, मग कळेल. सीआर-व्हीचे मागचे दार जवळजवळ काटकोनात उघडते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना गाडीत बसवताना किंवा झोपलेल्या मुलाला उचलून बाहेर काढताना या एका गोष्टीचे मोल कळते. घरात म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले असतील तर आम्ही बिनदिक्कत सीआर-व्ही सुचवतो.

डिकी दोन्हीकडे मोठी आहे. मात्र सीआर-व्ही हायब्रिडची बॅटरी डिकीच्या जमिनीखाली असल्याने तिथली थोडी जागा जाते, आणि अनेक ठिकाणी तिच्याबरोबर स्टेपनी न मिळता पंक्चर किट मिळते. टायरची कड फाटली तर त्या किटचा काही उपयोग होत नाही. लांब, सुनसान रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी तुमच्या देशातल्या मॉडेलात नक्की काय येते ते डिकीचे झाकण उचलून बघावे.

ट्रेलर ओढायचा असेल तर निवड आणखी सोपी. अमेरिकी मॉडेलची मर्यादा रॅव्ह४ हायब्रिडला ७९४ किलो आणि सीआर-व्ही हायब्रिडला ४५४ किलो अशी आहे. इतर देशांत आकडे बदलतात, तेव्हा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा माना.

बॅटरीचे भय

‘आठ-दहा वर्षांनी बॅटरी गेली की संपले’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. या गाड्यांची हायब्रिड बॅटरी इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने अगदी छोटी असते. ती पूर्ण भरली जात नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ दिली जात नाही, म्हणून टिकते. अमेरिकेत टोयोटा २०२०च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला १० वर्षे किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २,४०,००० किलोमीटर अशी हमी देते. होंडाची हमी ८ वर्षे किंवा एक लाख मैल, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटर. तुमच्याकडे काय मिळते ते लेखी मागा. ‘आयुष्यभर बघावे लागत नाही’ हे विक्रेत्याचे बोलणे वॉरंटी कार्डावर छापलेले नसते.

बॅटरीला खरा त्रास उष्णतेचा. रॅव्ह४ची बॅटरी मागच्या सीटखाली आहे आणि तिला गार हवा मिळावी म्हणून सीटच्या पायथ्याशी जाळीची खिडकी दिलेली आहे. त्या जाळीमागे छोटा फिल्टर असतो. घरात कुत्रा असेल तर तो फिल्टर केसांनी गच्च भरतो, पंखा मोठ्याने फिरू लागतो आणि बॅटरी तापते. सर्व्हिसला गाडी दिली की तो साफ करायला आवर्जून सांगा, आणि जाळीसमोर चादरी-पिशव्या कोंबू नका.

हायब्रिड ‘चालूच झाली नाही’ असा फोन आला की निम्म्या वेळा तरी मोठी बॅटरी शाबूत असते, बारा व्होल्टची साधी बॅटरी बसलेली असते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणार असाल तर या छोट्या बॅटरीची काळजी घ्या.

आणि ब्रेक. वेग कमी करताना बरेचसे काम मोटर करते, त्यामुळे पॅड खूप टिकतात. त्याचा उलटा परिणाम असा की कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) फारसे वापरात नसल्याने त्यांच्या पिना जाम होतात, विशेषतः दमट हवेत. पॅड जाड दिसले म्हणून मेकॅनिकने चाक न काढताच पुढे जाऊ नये. वर्षातून एकदा पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह घेताना

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर थोडे थांबून थंड गाडी मागा, कारण सकाळी तुम्हाला थंडच गाडी मिळणार आहे. रेडिओ बंद ठेवा. एखाद्या लांब चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐका, आणि तेव्हा घरातले एक माणूस मागे बसलेले असू द्या. त्याचे मत तुमच्यापेक्षा वेगळे निघण्याची शक्यता बरीच आहे. थांबत आल्यावर शेवटच्या काही मीटरमध्ये ब्रेक एकसारखे लागतात की हिसका बसतो, हेही पाहा. सीआर-व्हीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने मोटरचा ब्रेक कमी-जास्त करता येतो. उतारावर ती सोय वापरून बघितल्याशिवाय गाडी परत करू नका.

आमचा कौल विचारलात तर: शहरातला वापर जास्त, मागे माणसे नेहमी बसणारी आणि रस्ते बऱ्यापैकी असतील तर पुढच्या चाकांची सीआर-व्ही घ्या. चारचाकी ड्राइव्ह हवीच असेल, हायवेवरचे किलोमीटर जास्त असतील किंवा मागे काही ओढायचे असेल तर रॅव्ह४. सेकंडहँड रॅव्ह४ घेताना ती आधी कुठल्या हवामानात चालली हे मात्र विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

तपासणीला गाडी आणताना सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या, चासी नंबर आणि दोन्ही किल्ल्या सोबत आणा. आदल्या रात्रीपासून गाडी उभी असेल तर उत्तम. थंड इंजिन सुरू होताना आम्हाला ऐकायचे असते.