पाचशे फुटांखालचे पाणी कोणाचे?

मार्च 2016 मध्ये लातूर शहरात जिल्हा प्रशासनाने पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याची ठिकाणे यांच्या परिसरात जमावबंदीचे कलम 144 लागू केले. दंगल झालेली नव्हती की निवडणूक नव्हती. घागरींच्या रांगांमध्ये हाणामारी होईल, एवढीच भीती होती. पुढच्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर. शहराची तहान भागवणारे मांजरा धरण तोवर कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्याची आठवण निघाली की बोलणे पावसाच्या तुटीवर येऊन थांबते. पाऊस कमी पडला हे खरेच आहे. पण पाण्यावर पोलिसांचा पहारा बसवावा लागला, त्याची तयारी जमिनीखाली कितीतरी वर्षे आधीपासून चालू होती.

मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. मे महिन्यात एखाद्या आटलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहून आत पाहिले, तर हे थर उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग बारीक पोकळ्यांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा आणि तळाला काळा पाषाण. ओल दिसते ती मुरमात, मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यावर. काळ्या पाषाणात पाणी असलेच तर ते भेगांपुरते असते. नदीकाठची वाळू जसे पाणी धरून ठेवते, तसे या खडकाला जमत नाही. त्यातून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच भरते.

या टक्केवारीचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. समजा, पावसाळ्यानंतर एका हेक्टरखालचा 10 मीटर जाडीचा थर पाण्याने पूर्ण भरला आणि त्यातून 2 टक्के पाणी मिळाले, तर त्या पाण्याची उंची भरते 200 मिलिमीटर. उसाला वर्षभरात सुमारे 2,000 मिलिमीटर पाणी लागते. पावसाचा वाटा वजा केला, तरी एक हेक्टर ऊस आपल्या बांधाबाहेरच्या कित्येक हेक्टरांखालचे पाणी ओढतो. तेवढ्याच पाण्यात शेजारच्या शिवारातला हरभरा दोन-तीन पाळ्यांवर निघाला असता आणि गावाची पिण्याची विहीर उन्हाळ्यापर्यंत टिकली असती. ऊस लावणाऱ्याला येथे दोषी धरण्याचा हेतू नाही. त्याला हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक मिळते ते याच पिकाला, आणि दुसऱ्या पिकाची तशी हमी कोणी देत नाही.

वरचे थर आटले की बोअर मारले जाते, तेही आटले की आणखी खोल. पाचशे फुटांखाली लागलेले पाणी नवे असेलच असे नाही. अनेकदा ते फार सावकाश झिरपून साठलेले असते आणि एक-दोन हंगामांत संपते. शिवाय खोल बोअरमुळे वरच्या थरातले पाणी खाली उतरण्याची वाट मोकळी होऊ शकते, आणि ज्याच्याकडे फक्त चाळीस फुटांची विहीर आहे तो कोरडा पडतो. बोअरसाठी कर्ज काढणारा आणि ते न काढू शकणारा यांच्यातले अंतर येथे थेट फुटांत मोजता येते.

कायदा काय सांगतो? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा, ही धारणा रुजली आहे. महाराष्ट्राने 1993 मध्ये सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. पुढे 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी ती घेण्यास मज्जाव केला. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात विचारले, तर त्याच्या दुपटी-तिपटीने खोल गेलेली बोअर सहज सापडतात. रात्रीतून बोअर मारून निघून जाणाऱ्या गाडीवर तालुक्याच्या कचेरीतून लक्ष ठेवता येत नाही. ते गावातूनच ठेवावे लागते, आणि आपण नियम पाळला तर शेजारीही पाळील असा भरवसा वाटल्याखेरीज गाव ते ठेवत नाही.

हा भरवसा कसा तयार होतो, याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर केला. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय भूजलच होता. लॉस एंजेलिसजवळच्या एका खोऱ्यात बेसुमार उपशामुळे समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली शिरू लागले होते. तेथील पाणी उपसणाऱ्यांनी एकत्र येऊन कोण किती उपसतो हे आधी मोजले, मग न्यायालयाच्या चौकटीत कपात मान्य केली आणि देखरेखीची सोय केली. श्रीमंत देशातला हा अनुभव जसाच्या तसा येथे उतरणार नाही, हे उघड आहे. मात्र तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांमध्ये शेतकऱ्यांनी स्वतः पर्जन्यमापक वाचले, विहिरींची पातळी नोंदवली आणि रब्बीच्या तोंडावर गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. कोणावर पीक लादले गेले नाही. प्रत्येकाने आकडा पाहून आपापले ठरवले, आणि अनेकांनी भाताखालचे क्षेत्र कमी केले.

मोजमापाची साधने आपल्याकडेही आहेत. 1972 च्या दुष्काळाच्या वर्षी स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावाला स्वतः मोजायचे, तर टोकाला लोखंडी वजन बांधलेला टेप पुरतो. तो विहिरीत सोडायचा, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकायचा आणि काठावरचा आकडा वहीत उतरवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायचा. यांतली ऑक्टोबरची नोंद सर्वांत मोलाची असते. पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि ‘सुरू’ हंगामातल्या उसाची जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे पुढच्या मे महिन्यात विहिरीला किती पाणी उरेल याचा अंदाज हाती येतो, तेव्हा बहुतेक शेतांत उसाचे बेणे पडायचे असते.