सोलापूर–मुंबई : अंतर तेच, वेळ निराळी

सोलापूर आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर आहे, तर कुर्डुवाडी, दौंड, पुणे असा वळसा घेत जाणारा लोहमार्ग ४५५ किलोमीटरचा आहे. तरीही सोलापूरकराला मुंबई गाठायला किती वेळ लागणार, हे आजवर किलोमीटरपेक्षा वाटेतल्या अडथळ्यांनीच अधिक ठरवले.

पहिला अडथळा बोरघाटाचा होता. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरात पोहोचली, तेव्हा घाटातले रूळ पूर्ण व्हायचेच होते. मुंबईस निघालेल्या प्रवाशाला खंडाळ्याला गाडी सोडून पालखीतून किंवा तट्टावरून घाट उतरावा लागे आणि पायथ्याला खोपोलीत दुसरी गाडी धरावी लागे. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि प्रवास सलग झाला. त्यानंतर रात्रीची गाडी, सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सोलापूरच्या अंगवळणी पडली; ‘सिद्धेश्वरने जातोय’ एवढे म्हटले, की कुठे आणि कधी हे विचारावे लागत नाही. सोलापूर–दौंड मार्गाचे दुहेरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतने हे अंतर साडेसहा तासांवर आणले.

विमानाची कथा मात्र रखडलेली राहिली. होटगी रस्त्यावरील विमानतळ शहराला लागूनच आहे आणि २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच यादीत सोलापूरचे नाव होते. परंतु धावपट्टीच्या हवाई मार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी उभी होती. ती पाडावी की नाही, यावर शहर अनेक वर्षे दुभंगलेले होते. उसाचे गाळप अडेल ही सभासद शेतकऱ्यांची भीती खरी होती, आणि विमानाअभावी उद्योग येत नाहीत ही व्यापाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. कज्जे झाले, आंदोलने झाली आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी काही क्षणांत आडवी झाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. जेट विमानाला ३६० किलोमीटर कापायला खरे तर अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक लागू नये. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत मोजतात, आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्यासाठी पाळीची वाट पाहावी लागते. म्हणून हा प्रवास तासाभराच्या घरात जातो. त्यात तासभर आधी हजर राहणे, सामानाची प्रतीक्षा आणि विमानतळावरून दक्षिण मुंबईपर्यंतची वाहतूक मिळवली, तर चादरींचे नमुने घेऊन दक्षिण मुंबईतल्या मंगळदास मार्केट या कापडबाजाराला निघालेल्या व्यापाऱ्याचे दारापासून दारापर्यंत साधारण चार तास होतात. रात्रीची गाडी त्याच व्यापाऱ्याला बाजार उघडण्यापूर्वी, तिथून चालत जाता येईल अशा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरवते.