दौऱ्याच्या तारखा पक्क्या करण्याआधी: साउंड भाड्याने घेणाऱ्या कलाकारांसाठी

स्वतःची गाणी घेऊन पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असा दौरा स्वतःच आखणाऱ्या कलाकारांचा पहिला फोन बहुतेक वेळा असा असतो: "नाट्यगृह मिळालंय, शनिवारचं रात्रीचं सत्र. साउंडचं किती होईल?" भाडे आम्ही सांगतोच. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो: त्याच दिवशी दुपारच्या सत्रात काय आहे?

शनिवार-रविवारी दुपारी बहुधा नाटक असते. प्रयोग संपून नेपथ्य बाहेर निघेपर्यंत साडेसात-आठ होतात. तुमचा कार्यक्रम साडेनऊचा, प्रेक्षक नऊला आत. म्हणजे हातात जेमतेम तास-दीड तास.

सात-आठ वादकांच्या ताफ्याला लागणारा वेळ असा: टेम्पोतून सामान रंगमंचावर यायला अर्धा तास. स्पीकर, मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर), स्टेजबॉक्स (रंगमंचावरच्या माइकच्या वायरी एकत्र जोडायचा डबा) आणि केबल टाकायला दीड तास. एकेक माइक तपासायला वीस मिनिटे आणि सभागृहाप्रमाणे स्पीकर जुळवायला आणखी वीस. मग कलाकारांसह बॅलन्सिंगला, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकमेकांशी जुळवायला, एक तास. एकूण तीन तास चाळीस मिनिटे. म्हणून आम्ही चार तास मागतो. माणसे वाढवली तर सामान लवकर लागते, पण बॅलन्सिंगचा तास कमी होत नाही.

वेळ कमी पडला की पहिला बळी मॉनिटरचा जातो. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो मॉनिटर वाढवायला सांगतो, वाढवलेला आवाज हार्मोनियमच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. पहिली तीन गाणी यातच जातात. प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते ते त्या गाण्यांसाठीही.

उपाय सोपे आहेत, फक्त तारीख घेतानाच करायचे आहेत. शक्य असेल तर आधीचे सत्रही घ्या. दोन सत्रांचे भाडे परवडत नसेल तर दुपारी नाट्यगृह रिकामे असलेला आठवड्यातला मधला दिवस निवडा. शनिवारीच करायचे असेल तर त्या दिवसापुरता ताफा गिटार, तबला आणि एक गायक एवढाच ठेवा. यातले काहीच जमत नसेल तर आम्ही ते काम घेत नाही. हा नियम कडक वाटतो, पण खराब वाजलेल्या कार्यक्रमाचे पैसे घेणे आम्हाला पटत नाही.

दुसरी गोष्ट चॅनेल यादीची, म्हणजे मिक्सरला जोडायच्या प्रत्येक माइक आणि लाइनच्या यादीची. ती पंधरा दिवस आधी लेखी हवी. तबला-डग्ग्याला दोन माइक, ढोलकीला दोन, हार्मोनियम एक, बासरी एक, कीबोर्डच्या दोन लाइन, गिटारची एक, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची एक, लॅपटॉपवरच्या ट्रॅकच्या दोन, दोन गायक आणि निवेदक. झाले पंधरा. सोळा चॅनेलच्या मिक्सरवर एकच उरतो. आयत्या वेळी कोणी काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि दुसरी गिटार आणली की अडचण तिथेच सुरू होते. लॅपटॉप चार्जरवर असताना घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतो.

मैदानावर कार्यक्रम असेल तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर, खास परवानगीशिवाय, ध्वनिवर्धक बंद. बंदिस्त नाट्यगृहाला ही अट तशी लागत नाही. नाट्यगृहातला साडेनऊचा कार्यक्रम तसाच उचलून मैदानावर नेता येत नाही तो यामुळेच.

तबला एसी सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनी सुरात लावा. रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत पुडी (तबल्यावरचे चामडे) सैल पडते आणि स्वर उतरतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट, चढतो. दोन्हीकडे जाणार असाल तर एक जादा तबला बरोबर ठेवा.

अंतरांचेही तसेच. रात्री बाराला कार्यक्रम संपला तरी आवरून टेम्पो निघायला दीड-दोन वाजतात. पुणे ते कोल्हापूर सुमारे 230 किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दुपारी सामान लागू शकते. पुणे ते नागपूर 700 च्या वर आहे, तिथे मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. तीनशे किलोमीटरवर आम्ही दोन चालक पाठवतो आणि त्यांचे पैसे बिलात वेगळे दाखवतो.

प्रत्येक गावात तिथलाच साउंड घेतला तर कागदावर स्वस्त पडतो, आणि गिटार व एक गायक एवढेच असेल तर तसेच करा. ताफा मोठा असेल तर मात्र एकच मिक्सर आणि एकच ऑपरेटर दौराभर असण्याचा फायदा मोठा आहे. पहिल्या कार्यक्रमाचे सेटिंग आम्ही मिक्सरमध्ये आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवतो. त्यामुळे पुढच्या गावात बॅलन्सिंग अर्ध्या तासात आटोपते. तीन किंवा अधिक कार्यक्रमांसाठी भाडे एकत्र ठरवतो, आगाऊ निम्मे.

विचारणा करताना तारीख, नाट्यगृह, तुमचे सत्र, आधीच्या सत्रात काय आहे ते आणि चॅनेल यादी व्हॉट्सअपवर एकाच मेसेजमध्ये पाठवा. त्याच दिवशी दर कळवतो.