सोलापुरात घाम जातो कुठे?

एप्रिलमध्ये बदली होऊन मुंबई-रत्नागिरीकडची मंडळी सोलापुरात आली की आठवड्याभरात हे हमखास ऐकायला मिळतं: "ऊन भयंकर आहे हो तुमच्याकडे, पण घाम नाही, ते बरंय!" घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायचं राहतं आणि मग एके दुपारी चक्कर येते.

घाम येतच असतो. होटगी रस्त्यावरून भर दुपारी दुचाकीवर आलेल्या माणसाचा गडद शर्ट बघा. पाठीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा असतात. पाणी उडालं, मीठ राहिलं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. (शाळेतली कॅलरी, खाऊच्या पाकिटावरची तिच्या हजारपट असते.) कोकणच्या दमट हवेत घाम वाळण्याऐवजी गळतो, आणि गळलेला घाम गारवा देत नाही. कूलर सोलापुरात चालतो, मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, तोही याचमुळे. मात्र इथे हवा ४२ अंश आणि कातडी ३५च्या आसपास, म्हणजे वारा उलट अंगच तापवतो. सुटकेचा मार्ग एकच, घाम.

आता त्या रेघांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. घामाची ग्रंथी म्हणजे कातडीच्या आत एक वेटोळं आणि तिथून वर येणारी बारीक नळी. वेटोळ्यात तयार होणारा घाम जवळपास रक्तातल्या द्रवाइतकाच खारट असतो. वर येताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घेतात. घाम भराभर वाहिला तर ओढायला वेळ कमी पडतो आणि मीठ वाया जातं. रोज ऊन लागायला लागलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त सुटतं आणि नळीच्या पेशींतली सोडियमची दारं वाढतात. मग घाम पूर्वीपेक्षा जास्त येतो, पण तेवढ्याच वेगाने येणारा घाम आता अळणी असतो.

ही नळी बिघडली तर काय होतं, हे १९४८च्या न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत दिसलं. उन्हाने कोसळलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे (यात फुप्फुसांत चिकट कफ साठतो) रुग्ण लक्षात येण्याइतके होते. १९५३ साली डॉ. पॉल दि सांताग्नीज यांनी हा आजार असलेल्या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असल्याचं दाखवलं. त्यांच्या नळीतलं क्लोराइडचं दारच नीट उघडत नाही. या आजाराचं निदान आजही घाम तपासून करतात.

खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असं आमच्याकडे अजून छातीठोकपणे सांगतात. खिशातल्या कांद्याचा अल्डोस्टेरॉनशी काडीचा संबंध नाही. तो भाकरीबरोबर खावा, वर मीठ घातलेलं ताक प्यावं.

शरीर सगळं एकदम शिकत नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे हृदयाची धडधड कमी होते. घाम लवकर सुटायला आणि अळणी व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेही रोज तास-दीड तास गरम हवेत हालचाल झाली तर. घरी एसी, गाडीत एसी, ऑफिसात एसी असेल तर काहीच होत नाही. म्हणून नवख्या माणसाने पहिले दोन आठवडे उन्हातली कामं सकाळीच उरकावीत. आणि मध्येच महिनाभर सुट्टी घेऊन गारव्याला गेलात, तर कमावलेलं बहुतेक सगळं जातं. परत आल्यावर पुन्हा सवय करावी लागते, फक्त ती पहिल्यापेक्षा लवकर होते.